निवडून येणारा की तत्त्वाचा?

निवडणूक जवळ आली की चळवळीच्या बैठकीत हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो, जो निवडून येण्यासारखा आहे त्यालाच पाठिंबा द्या, मत वाया घालवू नका, आपण फुटलो की फायदा शत्रूचा होतो. दुसरा तट म्हणतो, जो आपला विचार पुरता मानत नाही त्याच्यामागे जाणे म्हणजे समाजाला दुसऱ्याच्या दावणीला बांधणे होय. हरलो तरी बेहत्तर, पण तडजोड नको. पहिला तट दुसऱ्याला अव्यवहारी ठरवतो, दुसरा पहिल्याला विकाऊ ठरवतो. बैठक संपते, मने दुखावतात आणि प्रश्न होता तिथेच राहतो.

हा प्रश्न एकमेकांना दूषणे देऊन सुटणारा नाही. तो ज्याला आयुष्यभर, दर निवडणुकीला नव्याने सोडवावा लागला, अशा माणसाचे चरित्र डोळ्यांसमोर ठेवलेले बरे. म्हणून आज आम्ही फ्रेडरिक डग्लस यांच्याविषयी लिहीत आहोत. म. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या लोकांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडविण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केला, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. डग्लस त्याच लढ्यातले. मात्र ते बाहेरून मदतीला आलेले नव्हते. ते स्वतः गुलाम म्हणून जन्मले होते. त्यामुळे कोणत्या उमेदवाराला पाठिंबा द्यावा हा त्यांच्यापुढे चर्चेचा विषय नव्हता, आपल्या माणसांच्या जगण्यामरण्याचा विषय होता.

अमेरिकेत आज पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका होतात आणि कोणाला पाठिंबा जाहीर करावा यावर वर्तमानपत्रे, कामगार संघटना, कृष्णवर्णीयांच्या संस्था महिनोन्महिने खल करतात. डग्लस यांच्या काळी ही पद्धत नव्हती. पक्षांच्या परिषदा भरत आणि तिथे उमेदवार ठरत. पण प्रश्न हाच होता.

तत्त्वाची पहिली शाळा

डग्लस यांचा जन्म मेरीलँड राज्यातील टॅल्बट परगण्यात १८१८ च्या सुमारास झाला. सुमारास म्हणायचे, कारण गुलामाची जन्मतारीख लिहून ठेवण्याची गरज मालकाला वाटत नसे. आई हॅरिएट बेली दुसऱ्या शेतावर राबत होती. तिची भेट क्वचित होई आणि तीही तो लहान असतानाच वारली. बाप गोरा होता, एवढेच कानावर आलेले. बाल्टिमोरला ज्या घरी त्याला पाठविण्यात आले तिथल्या मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली. नवऱ्याला कळताच त्याने ते बंद पाडले. शिकलेला गुलाम गुलाम राहात नाही, हे त्या मालकाला नीट कळत होते. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर वर्ज्य होते त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. मुलाने हार मानली नाही. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्याने त्यांच्याकडून अक्षरे शिकून घेतली.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष करून, एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाची कागदपत्रे खिशात घालून, ते रेल्वेने उत्तरेकडे निसटले. ज्या ॲना मरे यांनी पळून जाण्यासाठी पैसा उभा करून दिला त्यांच्याशीच न्यूयॉर्कमध्ये लग्न झाले आणि दोघांनी मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे संसार मांडला. तिथे मजुरी करता करता त्यांच्या हाती विल्यम लॉईड गॅरिसन यांचे 'लिबरेटर' हे साप्ताहिक पडले.

गॅरिसन हा साधा माणूस नव्हता. गुलामगिरी ताबडतोब आणि विनाअट संपली पाहिजे, असे ते १८३१ पासून लिहीत होते. त्यापायी १८३५ साली बोस्टनच्या रस्त्यावरून जमावाने त्यांना दोरी बांधून ओढत नेले होते. त्यांचे तत्त्व मात्र कडेलोटाचे होते. अमेरिकेची घटना गुलाममालकांशी केलेला करार आहे, म्हणून तिच्याखाली मतदान करणेसुद्धा पाप आहे. गुलामगिरीच्या राज्यांशी एकत्र राहण्यापेक्षा उत्तरेने फुटून निघावे. पक्ष नको, उमेदवार नको, फक्त लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी करावी. १८४१ साली नँटकेट बेटावरच्या सभेत डग्लस बोलले, गॅरिसन यांच्या संस्थेने त्यांना प्रचारक म्हणून घेतले आणि पुढली काही वर्षे डग्लस यांनी हेच तत्त्व गावोगाव सांगितले.

मग त्यांनी स्वतः विचार करायला सुरुवात केली. १८४५ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाल्यावर पकडले जाण्याचा धोका वाढला, म्हणून ते आयर्लंड आणि ब्रिटनला गेले. तिथल्या मित्रांनी वर्गणी काढून १८४६ च्या अखेरीस त्यांचे स्वातंत्र्य मालकाकडून विकत घेतले. परत आल्यावर डिसेंबर १८४७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे त्यांनी 'नॉर्थ स्टार' हे स्वतःचे वृत्तपत्र सुरू केले. गॅरिसन यांना ते आवडले नाही. ज्याने आपली व्यथा सांगायची, त्याने विश्लेषण आपल्यावर सोपवावे, अशी गोऱ्या हितचिंतकांची अपेक्षा असे. डग्लस यांनी ती झुगारली. समाजाचे स्वतःचे पत्र असावे आणि ते आपल्या माणसाच्या हाती असावे, हे मोल आंबेडकरी पत्रांच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

रॉचेस्टरला त्यांचा संबंध गेरिट स्मिथ यांच्याशी आला. स्मिथ हे बडे जमीनदार. त्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना वाटले होते. गुलामगिरीविरुद्ध मतपेटीतूनही लढले पाहिजे असे मानणाऱ्या लिबर्टी पक्षाचे ते आधारस्तंभ होते. त्यांच्याशी चर्चा करून, घटना पुन्हा वाचून १८५१ साली डग्लस यांनी जाहीर केले की घटना गुलामगिरीच्या विरुद्धही वाचता येते आणि मत हे हत्यार आहे. उत्तरेने फुटून निघण्यात त्यांना धोका दिसत होता. उत्तर आपले हात स्वच्छ ठेवून बाजूला होईल आणि दक्षिणेतले लक्षावधी गुलाम मालकांच्या तावडीत एकटे पडतील. शुद्ध राहण्याचे समाधान एकाचे आणि त्याची किंमत भरणारा दुसराच, हे त्यांना मान्य नव्हते. गॅरिसन गटाने त्यांना गद्दार ठरवले, त्यांच्या खाजगी आयुष्यावरही शिंतोडे उडवले. डग्लस यांनी मत बदलले नाही.

एकेक पायरी

मतदान करायचे ठरले. पण कोणाला?

लिबर्टी पक्षाला १८४० साली साऱ्या देशात सात हजारांच्या आसपास मते पडली होती, १८४४ साली सुमारे ६२ हजार. १८४८ साली बफेलो येथे फ्री सॉईल पक्ष उभा राहिला. पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही, एवढीच त्याची मागणी होती. जिथे गुलामगिरी आहे तिथे ती संपविण्याबद्दल तो बोलत नव्हता. त्यातल्या अनेकांना गुलामांचा कळवळा नव्हता, गोऱ्या शेतकऱ्यांना जमीन हवी होती. त्यांचे उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन हे माजी राष्ट्राध्यक्ष आणि गुलाममालकांशी जुळवून घेतलेले राजकारणी. पण त्यांना २ लाख ९० हजारांच्या घरात मते मिळाली, तर गेरिट स्मिथ यांच्या शुद्ध गटाला अडीच हजारांच्या आसपास. हाच पेच पुढे पंधरा वर्षे डग्लस यांच्यासमोर वेगवेगळ्या रूपांत येत राहिला.

१८५२ साली त्यांनी त्यातून आपला एक मार्ग काढला. राष्ट्राध्यक्षपदासाठी फ्री सॉईलवाल्यांच्या जॉन हेल यांच्या बाजूने ते उभे राहिले आणि आपल्या राज्यात संसदेच्या जागेसाठी गेरिट स्मिथ यांचा प्रचार केला. स्मिथ निवडून आले! ज्याला सगळे अशक्य म्हणत होते असा पूर्ण तत्त्वाचा उमेदवार, जिथे वर्षानुवर्षे जमीन तयार केली होती तिथे, जिंकला. निवडून येण्याची शक्यता ही आकाशातून पडत नाही, ती मशागतीने वाढते. कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावे.

१८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नवे प्रदेश गुलामगिरीला मोकळे केले आणि त्याविरुद्ध रिपब्लिकन पक्ष जन्मला. १८५६ साली त्यांचे उमेदवार जॉन फ्रेमाँट. डग्लस ज्या जहाल पक्षात होते त्याचे उमेदवार पुन्हा गेरिट स्मिथ. वर्षाच्या सुरुवातीला डग्लस स्मिथ यांच्यासोबत होते आणि रिपब्लिकनांवर टीका करीत होते. ऑगस्टमध्ये त्यांनी आपल्या पत्रातून फ्रेमाँट यांना पाठिंबा जाहीर केला. विरोधकांनी त्यांना त्यांचेच जुने लेख दाखवले. डग्लस यांनी दिलेले उत्तर आमच्या समजुतीप्रमाणे असे होते: मत कोणाला दिले यावरून ते शुद्ध की अशुद्ध ठरत नाही. त्या घडीला गुलामगिरीवर सर्वांत जोराचा घाव कुठून बसतो हे पाहून ते ठरते. पक्ष अपुरा आहे हे सांगायचे त्यांनी थांबवले नाही. फ्रेमाँट हरले, पण ११ राज्ये आणि १३ लाखांहून अधिक मते घेऊन हरले. गुलामगिरीचा विस्तार रोखणारा पक्ष सत्तेच्या दारात आला होता.

जिंकलेला पक्ष, हरलेली मागणी

यावरून कोणी म्हणेल, डग्लस एकदा व्यवहारी झाले ते झाले. तसे नाही. १८६० साली त्यांनी उलटा निर्णय घेतला. अब्राहम लिंकन यांच्या उमेदवारीचे त्यांनी उन्हाळ्यात बऱ्यापैकी स्वागत केले. लिंकन जिंकले तर गुलाममालकांची सत्तेवरची पकड सैल होईल, हेही त्यांना मान्य होते. पण जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही आणि पळालेल्या गुलामांना परत धाडण्याचा कायदा पाळू, ही त्यांची भूमिका पाहून डग्लस यांनी आपले वजन पुन्हा गेरिट स्मिथ यांच्या पारड्यात टाकले. लिंकन यांना आपल्या मताची गरज नाही आणि तत्त्वाचा आवाज कोणीतरी जिवंत ठेवला पाहिजे, असा तो हिशेब होता असे आम्हांस वाटते.

त्याच दिवशी न्यूयॉर्क राज्यात आणखी एक मतदान होते आणि डग्लस यांचा घाम त्यासाठी गळत होता. त्या राज्यात गोऱ्या पुरुषाला मालमत्तेची अट नव्हती, कृष्णवर्णीयाला मात्र २५० डॉलरची मालमत्ता असल्याशिवाय मत नव्हते. ती अट काढावी की नाही यावर लोकांचा कौल घेतला जाणार होता. डग्लस गावोगाव फिरले. रिपब्लिकन पुढारी या विषयावर गप्प राहिले, कारण त्याने गोरी मते जातील अशी भीती. निकाल काय लागला? लिंकन यांनी ते राज्य ५० हजारांच्या फरकाने जिंकले. समान मताधिकाराच्या बाजूने जेमतेम दोन लाख मते पडली, विरोधात सव्वातीन लाखांहून अधिक. लिंकन यांना मत देणाऱ्या लाखो हातांनी कृष्णवर्णीयाचा हक्क नाकारला होता. मित्रपक्ष जिंकला म्हणजे आपली मागणी जिंकली, असे समजणाऱ्यांनी हा निकाल भिंतीवर लिहून ठेवावा.

१८६४ ची परीक्षा

यादवी युद्ध सुरू झाले. पहिली दोन वर्षे लिंकन यांनी डग्लस यांची निराशाच केली. १८६१ मध्ये मिसुरीत सेनापती असलेल्या फ्रेमाँट यांनी बंडखोरांचे गुलाम मुक्त जाहीर केले, लिंकन यांनी तो हुकूम फिरवला. ऑगस्ट १८६२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या शिष्टमंडळाला त्यांनी देश सोडून इतरत्र वसाहत करण्याचा सल्ला दिला. डग्लस यांची लेखणी त्यांच्यावर तुटून पडली. १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा निघाला तेव्हा त्याच डग्लस यांनी आनंद साजरा केला आणि सैन्यभरतीचे काम अंगावर घेतले. त्यांचे दोन मुलगे, चार्ल्स आणि लुईस, ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत दाखल झाले. गोऱ्या शिपायाला १३ डॉलर आणि कृष्णवर्णीयाला कपड्याचे पैसे कापून ७ डॉलर पडत, याचा जाब विचारायला ते ऑगस्ट १८६३ मध्ये स्वतः लिंकन यांना भेटले. उत्तराने समाधान झाले नाही, पण हा माणूस ऐकून घेतो, एवढे त्यांनी हेरले.

मग १८६४ ची निवडणूक आली. ३१ मे रोजी लिंकन यांच्यावर नाराज असलेल्या जहालांनी क्लीव्हलंड येथे परिषद भरवून फ्रेमाँट यांना उमेदवारी दिली. घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायमची बंद करावी आणि कायद्यापुढे सर्व समान असावेत, अशी तिची मागणी. डग्लस यांनी पत्र लिहून या प्रयत्नाला अनुकूलता दर्शवली. राष्ट्राध्यक्ष आपल्याला भेटतो, खुर्ची देतो, म्हणून त्यांनी लेखणी म्यान केली नाही. आठवडाभराने बाल्टिमोरला लिंकन यांच्या पक्षानेही गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीची मागणी आपल्या जाहीरनाम्यात घेतली. त्याची कारणे अनेक होती, पण डावीकडून उभा राहिलेला प्रतिस्पर्धी हे त्यातले एक नसेल, असे मानायला आम्ही तयार नाही.

त्याच बाल्टिमोरमध्ये आणखी एक गोष्ट घडली. सर्वांना चालेल असा चेहरा हवा म्हणून उपराष्ट्राध्यक्षपदासाठी टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन यांना घेण्यात आले. ते विरोधी पक्षातले, दक्षिणेतले आणि एकेकाळी स्वतः गुलाममालक. निवडून येण्याच्या गणितात हा आकडा छान बसला. त्याचे बिल पुढच्या वर्षी आले.

ऑगस्टमध्ये युद्ध रेंगाळले होते, माणसे मरत होती आणि आपण हरणार असे लिंकन यांना स्वतःला वाटत होते. १९ ऑगस्ट रोजी त्यांनी डग्लस यांना बोलावून घेतले आणि विचारले की निवडणूक हरण्यापूर्वी जास्तीत जास्त गुलामांना बंडखोरांच्या मुलखातून बाहेर काढण्याची योजना करता येईल काय. ज्याच्या विरोधकाला आपण अनुकूल झालो तो राष्ट्राध्यक्ष सत्ता जाण्याआधी आपल्या माणसांना सोडवण्याचा विचार करतो आहे, हे डग्लस यांनी पाहिले आणि तशी योजना लिहून पाठवली.

महिनाअखेर शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाने जॉर्ज मॅक्लेलन यांना उमेदवारी दिली. युद्ध फसले आहे, तह करा, असा त्यांचा जाहीरनामा. तह झाला असता तर गुलामगिरी वाचली असती. आता डग्लस यांनी निर्णय घेतला आणि तो का घेतला हेही जाहीरपणे सांगितले. लिंकन यांच्यापेक्षा अधिक ठाम माणूस निवडून येण्याची थोडीही आशा होती तोवर ते लिंकन यांच्या बाजूचे नव्हते. शिकागोनंतर रिंगणात खरे दोघेच उरले आणि त्यांचे मन ठरले. सप्टेंबरच्या सुरुवातीला अटलांटा पडले, लिंकन यांचे पारडे जड झाले आणि फ्रेमाँट यांनीही माघार घेतली.

या पाठिंब्याला मान मिळाला असेल असे वाचकांस वाटेल. उलट रिपब्लिकन पुढाऱ्यांनी त्यांना प्रचाराच्या व्यासपीठावर बोलावलेच नाही. काळा वक्ता दिसला तर पक्ष काळ्यांचा ठरेल, ही धास्ती! डग्लस यांनी हा अपमान ओळखला, पण त्यापायी निर्णय फिरवला नाही. ऑक्टोबरमध्ये सिरॅक्यूज येथे कृष्णवर्णीयांची राष्ट्रीय परिषद भरली. डग्लस अध्यक्ष होते. तिथून निघालेल्या निवेदनात त्यांनी मताधिकार मागितला आणि ज्या पक्षाला जिंकवायचे होते त्याच पक्षाच्या दुबळेपणावर बोट ठेवले. मत लिंकन यांना, पण जीभ गहाण नाही. लिंकन २१२ विरुद्ध २१ अशा मतांनी जिंकले. १८६५ संपण्यापूर्वी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन गुलामगिरी घटनेनेच संपवली.

ज्यांच्या उपस्थितीने मते जातात

एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांचा खून झाला आणि जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. फेब्रुवारी १८६६ मध्ये डग्लस शिष्टमंडळ घेऊन मताधिकार मागायला गेले तेव्हा जॉन्सन यांनी त्यांनाच उपदेश ऐकवला आणि मागणी फेटाळली. पुढे नागरी हक्कांच्या कायद्यावर त्यांनी नकाराधिकार वापरला. संसदेने तो धुडकावला, पण दक्षिणेत तोवर जुने मालक पुन्हा डोके वर काढून बसले होते. निवडणुकीच्या सोयीसाठी पोटात घेतलेला माणूस असा बाहेर आला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला दक्षिणेतील संघराज्यनिष्ठांची परिषद होती. रॉचेस्टरच्या लोकांनी डग्लस यांना प्रतिनिधी निवडले. वाटेत रेल्वेतच पक्षाचे बडे पुढारी त्यांना भेटले आणि गोडीने म्हणाले, की आपण न आलात तर बरे, निवडणुका तोंडावर आहेत, आपल्या उपस्थितीने मते जातील. डग्लस यांनी साफ नकार दिला. मिरवणुकीत त्यांच्यासोबत चालायला कोणी तयार होईना, तेव्हा संपादक थिओडोर टिल्टन पुढे आले आणि दोघे हातात हात घालून शहरभर चालले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मते? नोव्हेंबरच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रचंड बहुमत मिळवले. निवडून येण्याच्या नावाखाली जी भीती दाखवली जाते ती कित्येकदा पुढाऱ्याच्या स्वतःच्या मनातली असते, मतदाराच्या नव्हे.

पाठिंब्याची परतफेड

१८६९ साली पंधराव्या घटनादुरुस्तीचा प्रश्न आला. ती कृष्णवर्णीय पुरुषांना मत देत होती, स्त्रियांना नाही. डग्लस हे १८४८ च्या सेनेका फॉल्स परिषदेपासून स्त्रियांच्या मताधिकाराचे पुरस्कर्ते. एलिझाबेथ स्टँटन आणि सुझन अँथनी त्यांच्या जुन्या सहकारी. दोघींनी या अर्ध्या दुरुस्तीला विरोध केला. डग्लस यांनी मिळते ते आधी घ्यावे असे ठरवले, कारण दक्षिणेत त्यांच्या माणसांचे खून पडत होते. ते चूक होते असे आम्ही म्हणणार नाही. पण अमेरिकेतील स्त्रियांना घटनेने मताधिकार मिळायला १९२० साल उजाडले, हेही खरे.

१८७२ साली युलिसिस ग्रँट यांच्याविरुद्ध होरेस ग्रीली उभे राहिले. कृष्णवर्णीयांचे जुने कैवारी चार्ल्स समनर ग्रीली यांच्या बाजूने गेले. ग्रँट यांचा कारभार डागाळलेला होता. पण क्लू क्लक्स क्लानच्या मुसक्या त्यांनीच बांधल्या होत्या आणि ग्रीली हे दक्षिणेशी समेटाची भाषा बोलत होते. डग्लस यांनी ग्रँट यांना साथ दिली. हा निर्णय आम्हांस बरोबर वाटतो. मात्र इथून पुढे रिपब्लिकन पक्षाबाहेर कृष्णवर्णीयाला आसरा नाही, हे मत त्यांनी इतके पक्के केले की पक्षानेही ते गृहीत धरले.

१८७७ साली त्याचे फळ दिसले. रदरफोर्ड हेज यांनी दक्षिण कॅरोलिना आणि लुइझियानाच्या राज्यसत्तेला असलेले लष्कराचे संरक्षण काढून घेतले आणि दक्षिणेतला कृष्णवर्णीय मतदार उघड्यावर पडला. त्याच हेज यांनी डग्लस यांना राजधानीच्या मार्शलपदावर नेमले. पद मोठे होते, त्यापूर्वी कोणा कृष्णवर्णीयाला ते मिळालेले नव्हते. समाजाचे कवच गेले आणि पुढाऱ्याला खुर्ची मिळाली. टीका झाली आणि ती रास्त होती. आयुष्यभर ज्याने पाठिंबा मोजून दिला त्याच्यापाशी आता तो काढून घेण्याची ताकद उरली नव्हती.

तरी हा माणूस खुर्चीत विरघळला नाही. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्क कायदा रद्द ठरवला तेव्हा त्यांनी राजधानीतच सभा घेऊन निषेध केला. जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध आयडा वेल्स यांनी मोहीम उघडली तेव्हा म्हातारे डग्लस त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि आपल्याच पक्षाच्या थंडपणावर बोलले. २० फेब्रुवारी १८९५ रोजी स्त्रियांच्या एका परिषदेला हजेरी लावून ते घरी आले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

आम्ही काय घ्यावे

एप्रिल १८७६ मध्ये लिंकन यांच्या पुतळ्याच्या अनावरणप्रसंगी डग्लस यांनी लिंकन यांचे मोजमाप केले. निर्मूलनवाद्याच्या जागेवरून पाहिले तर लिंकन संथ आणि थंड दिसतात, साऱ्या देशाच्या भावनेच्या मापाने पाहिले तर तेच वेगवान आणि ठाम दिसतात, असा त्याचा आशय. राष्ट्राध्यक्षांसमोर, सरन्यायाधीशांसमोर हे सांगताना त्यांनी पहिले माप लपवले नाही. दोन्ही मापे खरी आहेत आणि चळवळीला दोन्ही हातात ठेवावी लागतात.

या चरित्रातून आम्ही जे घेतो ते असे. उमेदवार ठरायचे आहेत, मैदान उघडे आहे, तोवर पूर्ण मागणी मागावी, आपला माणूस उभा करावा, गोड बोलणाऱ्यांची पर्वा करू नये. मैदान बंद झाले, खरे दोघेच उरले, की हरण्याची किंमत कोण मोजणार हे पाहावे. गेरिट स्मिथ हरले तर आपल्या वाड्यात परत जात. अलाबामातल्या गुलामाला परत जायला जागा नव्हती. आणि पाठिंबा दिला तरी आपले पत्र, आपली परिषद, आपली जीभ त्यासोबत देऊ नये. पाठिंबा हे कर्ज आहे, दान नव्हे. परत मागण्याची ताकद आपल्यापाशी असेपर्यंतच ते कर्ज राहते. १८६४ आणि १८७७ यांतला फरक हाच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात कोणत्या पक्षांशी सहकार्य करणार नाही हे नावे घेऊन लिहिले होते आणि त्याच निवडणुकीत समाजवादी पक्षाशी समझोताही केला होता. १९५२ साली ते मुंबईत पराभूत झाले. पण समझोत्याची सीमा कुठे आहे हे मतदाराला आधीच, लेखी, माहीत होते. आपल्या बैठकीत पुढच्या वेळी दोन तट पडतील तेव्हा एकमेकांना विकाऊ आणि अव्यवहारी म्हणण्याआधी हे दोन कागद मागवावेत: आपली पूर्ण मागणी काय आणि आपली सीमा कुठे. ते कागद तयार नसतील तर निवडून येणाऱ्याला दिलेले मतही वाया जाते आणि तत्त्वाच्या उमेदवाराला दिलेलेही.